नीलाबाईची पूजा अन् तीन देशांचे पंच

आता तुम्हीच सांगा, उदगीरसारख्या गावात, भर दुपारी, घराच्या मालकालाच घराबाहेर काढायचं, ही काय रीत झाली? अन् काढलं कुणी, तर सख्ख्या भाचीनं! तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारचा बसलिंगप्पा… पायरीवर बसला बिचारा, कारण काय, तर, "मामा, खोलीत कोणी नको!"

ही भाची म्हणजे शिवकन्या. पुण्याला कायदा शिकवते, पण साधा न्हाई, देशादेशांतला! कुणी कुणाच्या देशात पैसा लावला, कुणाचं पेटंट कुणी बुडवलं, असली भांडणं. बारशाला आली व्हती दोन दिवस, तर नेमकी साक्षीची तारीख बदलली. एका परदेशी बियाणं कंपनीनं कुठल्याशा लांबच्या सरकारवर दावा ठोकलेला… आमचं पेटंट रद्द केलं, आमची गुंतवणूक बुडाली! अन् सरकारच्या बाजूनं जाणकार म्हणून बोलणार कोण? आपली शिवकन्या! कुठून? बसलिंगप्पाच्या माजघरातून, लॅपटॉपवर! तीन पंच, तीन देशांत. खोलीत दुसरं कुणी दिसलं तर म्हणणार, हिला कुणीतरी पढवायलंय… साक्षच बाद! तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात! म्हणून खोलीत कोणी नको!

बसलिंगप्पानं लेकरं हाकलली, पाव्हणे वाटंला लावले, मांजर बी हाकललं. झालं सुरू. पंच म्हणाले, "मॅडम, कॅमेरा फिरवून खोली दाखवा." फिरवला… भिंत, खिडकी, कपाट, अन् कपाटामागं नीलाबाई! बसलिंगप्पाची बायको, शिवकन्याची मामी! पाव्हण्यांच्या गडबडीत पूजा राहिलेली, मागच्या दारानं येऊन बसलेली, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, नजर त्याच्यावर, तोंडातून शब्द न्हाई!

कंपनीचा वकील उसळलाच, "ही बाई कोण? खोलीत कोणी नको असं ठरलं होतं ना?" हे ऐकून बसलिंगप्पा पायरीवरनं उठून खिडकीखाली आला! आत जावं तर दोनाचे तीन हुतील, हाक मारावी तर आवाज जाईल… करावं काय माणसानं?

शिवकन्या मात्र शांत. "माझी मामी आहे. पूजेला बसलीये. मी तिला उठवणार नाही. साक्ष बाद करायची तर करा."

मग मुख्य पंच, पिकल्या केसांची बाई, चष्मा काढून म्हणाली, "आपण थांबू या." अन् थांबले की हो! बारा मिनिटं! तीन देशांतले पंच, दोन्हीकडचे वकील, सगळे गप… नीलाबाईनं सावकाश लिंग कपाळाला लावलं, गळ्यात घातलं, उठली, कॅमेऱ्याला हात जोडले अन् गेली मागच्या दारानं!

पुढं साक्ष चालली चार तास. निकालाला अजून वरीस हाय म्हणे, पण साक्ष न्हाई झाली बाद. पंचाईत झाली ती बसलिंगप्पाची! आता रोज दुपारी त्यो भुकेनं बेजार, अन् नीलाबाई पूजा उरकून निवांत येते, म्हणते कशी, "तीन देश थांबले, तुमचंच काय अडलं वो?"

त्यो आपला ताट मांडून बसतो, अन् थांबतो.