विरजण

"गाईची अंडी पिकवते म्हणे लॅबमध्ये, आणि घरात साधं दही लागत नाही तिच्या हातचं." सासूबाई चिखले गावाहून आलेल्या आत्यांना हळूच सांगत होत्या, आणि दाराआड मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

दुपारी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. जेवणात कढी ठरलेली, आणि माझ्या पातेल्यात दह्याच्या जागी दूधच होतं. नवऱ्याला दह्यासाठी चारोटीच्या बाजारात पिटाळलं होतं.

खरं तर आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "दुधात बोट बुडवून बघ, सोसेल इतकं कोमट झालं की विरजण घाल." मी म्हटलं, "आई, बोटाने तापमान कळतं का?" लॅबमध्ये मी गाईच्या कच्च्या अंडपेशींना वाढीचं प्रथिन थेंबभर देते, नेमक्या उबेत ठेवते, मग त्या पिकतात. त्याच तोऱ्यात बोट न बुडवताच कढत दुधात विरजण घालून मी निश्चिंत झोपले.

मी चहा पुढे केला. आत्यांनी विचारलं, "मग ती अंडी बरी पिकतात गं तुझ्या हातून?"

म्हटलं, "आत्या, तिथली ऊब मशीन सांभाळतं. मी फक्त त्याचं दार लावते."