शुक्रवारआधीचा आवाज

ढुंढिराज : हा माइक नको, सर. हा टेबलावर ठेवून बोलायचा. तुम्ही राहता सुरगाण्याच्या डोंगरात. वारा सुटला की यात नुसता फडफडाट येईल.

जयराम : मग तो कॉलरला लावायचा?

ढुंढिराज : तो एका माणसाच्या बोलण्याला उत्तम. पंचवटीतले कीर्तनकार हल्ली तोच मागतात. पण घ्यायचंय काय, ते तर सांगा. अर्धा तास नुसते खोके उघडतोय मी.

जयराम : वडिलांचं बोलणं घ्यायचंय. हे काय, बसलेत. आईला हाक मारतात, बैलांना दटावतात, तसलं साधंच. शाळेचा टॅब आहे माझ्याकडे, त्याला जोडता आला पाहिजे. आणि आजच पाहिजे.

ढुंढिराज : एवढी घाई?

नाथाबाबा : शुक्रवारी गळा कापणार हायेत माझा.

जयराम : बाबा! ऑपरेशन आहे हो. गाठ आहे, स्वरयंत्र काढायचंय. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज राहणार नाही.

ढुंढिराज : अरे देवा. बाबा, असे पंख्याखाली बसा. चहा सांगू?

नाथाबाबा : गिळवत नाय.

जयराम : नशीब एवढंच, की कथा आधीच घेऊन ठेवल्यात. बाबा थाळीवर कथा सांगतात. काशाच्या थाळीला मेणानं एक काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी ओढत राहायचं. घूंऽऽ असा सूर धरते, त्या सुरात कथा. आमच्या बाजूला आता सांगणारे बाबाच उरलेत. तीन वर्षं घेतोय मी. अकरा कथा झाल्या.

ढुंढिराज : वा! त्यातलं थोडं ऐकवा ना. यांचा आवाज कुठल्या पट्टीत लागतो ते कळलं, तर माइक नेमका देता येईल.

जयराम : ते आत्ता नाही वाजवता येत.

ढुंढिराज : का, चार्जिंग संपलं?

जयराम : तसं नाही. नवी नागली, म्हणजे नाचणी, घरात आली की थाळी खाली काढायची आणि पावसाळ्यात रोपांच्या लावणीआधी पुन्हा माळ्यावर ठेवायची. मधल्या दिवसांत कथा सांगायची नाही, ऐकायची पण नाही. आत्ता लावणी चाललीय.

ढुंढिराज : टॅबवरसुद्धा नाही?

नाथाबाबा : कणसरी माय दाण्यात ऱ्हाती. तिला टॅब काय अन् माणूस काय. ऐकलं ते ऐकलं.

ढुंढिराज : बरं, मग हंगामात तुम्ही ऐकलं असेलच. कसं आलंय?

जयराम : हंगामात बाबा समोर बसलेले. टॅब कशाला ऐकतोय?

नाथाबाबा : यांना ऐकू दे रं. हे कुठं नागली लावत्यात? यांना नेम नाय.

ढुंढिराज : हेडफोन लावतो, तुमच्या कानावर काही येणार नाही. ही पहिली ना? ... हं. ... दुसरी बघतो.

जयराम : कशी आलीय?

ढुंढिराज : थांबा जरा. ... सर, हे अ‍ॅप कोणी घालून दिलं?

जयराम : मीच घातलं. आमच्या पल्लवी मॅडम म्हणाल्या, मुलांचे पाठ घ्यायला चांगलं आहे, मागचा गोंगाट आपोआप काढतं. खरंच काढतं. वर्गाच्या पत्र्यावर पाऊस वाजत असला तरी माझं बोलणं स्वच्छ यायचं. म्हणून ते बटण चालूच ठेवलं.

ढुंढिराज : हं.

जयराम : काय झालं? थाळी बारीक येते का?

ढुंढिराज : थाळी नाहीये, सर.

जयराम : नाहीये म्हणजे?

ढुंढिराज : अखंड एकसारखा सूर आला की याला वाटतं, पंखा चाललाय, मोटार चाललीय. ते पुसून टाकतं. आणि बाबा त्याच सुराला धरून गाणार. त्यांचा आवाजही त्याच्याबरोबर गेलाय. मध्येच एखादा शब्द येतो, की पुन्हा सगळं गप्प.

जयराम : पण फाइल आहे! एकेक साडेतीन तासांची आहे. आकडे पळताना बघायचो मी.

ढुंढिराज : तास आहेत. त्यात काही नाही.

जयराम : मग ते बटण आता बंद करा.

ढुंढिराज : हे पुसलेलंच साठवतं. मूळ कुठेच ठेवलेलं नाही. शोधलं मी आत्ता.

जयराम : अकराच्या अकरा?

ढुंढिराज : शेवटच्या दोन बघतो. ... तेच.

जयराम : काहीच नाही राहिलं?

ढुंढिराज : तुम्ही मधे मधे 'हां' म्हणता ना, ते सगळे आलेत. आणि एका ठिकाणी बाबा म्हणतात, 'पाणी दे रं.' ते स्पष्ट आहे.

जयराम : एकदा तरी ऐकायचं होतं मी. चोरून तरी ऐकायचं होतं! पोरांना रोज सांगतो, गणित ताडून बघितल्याशिवाय वही देऊ नका. आणि मी तीन वर्षं नेम पाळत बसलो, मोठा शहाणा.

नाथाबाबा : जयराम, काय म्हणत्यात ते?

जयराम : काही नाही, बाबा.

नाथाबाबा : गळा बिघडलाय माझा, कान नाय. नाय ना आलं कायबी?

जयराम : नाही आलं.

नाथाबाबा : कणसरी रुसून गेली, ती बी नाय?

जयराम : नाही.

नाथाबाबा : बारा भावांची?

जयराम : नाही, बाबा. माझं चुकलं. माझंच चुकलं सगळं.

नाथाबाबा : ... दुकानवाले, थाळी हाय का तुमच्यापाशी?

ढुंढिराज : माझ्या जेवणाची आहे. स्टीलची.

नाथाबाबा : स्टील सूर नाय धरत. ऱ्हाऊ द्या. तो केसाळ टोपीवाला माइक लावा.

जयराम : बाबा, लावणी चाललीय. तुम्हीच म्हणता...

नाथाबाबा : म्हणतो ते बी मीच, अन् मोडतो ते बी मीच. पाप मला लागू दे. लावा हो.

ढुंढिराज : शटर ओढून घेतो, रिक्षांचा आवाज नको. ... सर, ते बटण बंद आहे, दोनदा पाहिलं मी. हं, बाबा.

नाथाबाबा : कणसरी माय गं, डोंगर चढून आली... भुकेल्या घरी गं, सूप भरून आली... सूप भरून...

(खोकल्याची उबळ. बराच वेळ थांबत नाही.)

जयराम : पुरे, बाबा, पुरे. पाणी घ्या.

ढुंढिराज : गाऊ नका. नुसतं बोलून सांगता येईल का पुढचं?

नाथाबाबा : थाळीबिगर सुचत नाय. ती पुढं, मी मागं, असं चालायचं ते. अन् आता थाळी आणून बी... गळाच चढत नाय.

जयराम : दोन ओळी. अकरा कथांमधल्या दोन ओळी उरल्या, आणि त्यासुद्धा नेम मोडून.

नाथाबाबा : ऐकवा.

जयराम : नको, बाबा.

नाथाबाबा : ऐकवा म्हणतो.

ढुंढिराज : लावतो. मोठ्यानं लावतो. ...

नाथाबाबा : खोकला बी आला.

ढुंढिराज : सगळं आलंय, बाबा. श्वाससुद्धा आलाय.

जयराम : काय करू मी याचं आता? शाळेत लावू? घरी लावू? सांगा ना, बाबा, काय करू?

नाथाबाबा : असा हाय व्हय माझा आवाज? साठ वर्षं सांगत आलो, पर मी कधी ऐकलाच नव्हता. अजून एकदा लाव.