कोब्यावरचा पेंढा

अरे, तुझ्या नव्या फरशीचं कौतुक पुरे. जपणारा माणूस बघायचा, तर आमचे कापडे गावचे नानाकाका बघायला हवे होते. गिरणी सोडून मुंबईहून परतले ते एक जुना ट्रॅक्टर आणि छातीतला खोकला घेऊन. ट्रॅक्टरसाठी शेड बांधली, आत सिमेंटचा गुळगुळीत कोबा. गावातला पहिलाच.

थंडीत आंबेनळी घाटाखालची लाकडं ओढायचं काम. उतारावर घसरू नये म्हणून मागच्या टायरांना लोखंडी साखळ्या बांधलेल्या. त्या रोज सोडत कोण बसणार? मग संध्याकाळी दारातच ट्रॅक्टर थांबवून काका ओरडायचे, "पेंढा घाल गो!" काकी कोब्यावर जाड पेंढा अंथरायची, तेव्हा कुठं ट्रॅक्टर आत यायचा.

"आनि गुरांनी काय खायचं वो?" काकी विचारायची.

"कोब्याला ओरखडा पडला, तर तू बुजवनार हायस?"

गाय आटली, पण कोब्यावर एक रेघ नाही.

पौषात त्या खोकल्यानंच काकांना नेलं. घरात माणसं मावेनात, म्हणून त्यांना शेडमध्ये ठेवायचं ठरलं. चौघांनी उचलून आणलं, तर काकी दारात पेंढ्याचा भारा घेऊन उभी. माझे वडील, काकांचे धाकटे भाऊ, चिडलेच. "वहिनी, आता तरी पुरं करा त्या कोब्याचं!"

काकी खाली बसून पेंढा पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "कोब्यासाठी नाय वो भावजी. गार लागतो तो. खोकला वाढंल त्यांचा."