चार पावलं पुढं

माहा जन्म यवतमाळचाच, अब्बाचं ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवाचं दुकान होतं, अन् मी शाळा सुटली का सिद्दा मैदानावर. फुटबॉलमधी मी बॅक होतो, म्हणजे गोल वाचवणाऱ्या लायनीतला, अन् त्या लायनीले कोणी वळखत नाई बाप्पा, गोल मारला त्याले लोक खांद्यावर घेते, अडवला त्याले पाणीबी विचारत नाई. तरी बावीस वर्सं खेळलो जी, त्यातले सतरा नागपूरच्या एका सरकारी खात्याच्या टीमकडून, नोकरीबी तिथंच, अन् आता यवतमाळले लागून लोहारा गाव हाय, तिथल्या या दोन खोल्यायत पेन्शन खाऊन राह्यलो.

बायको गेली, पोरगी पुण्याले देली, तिचा फोन रविवारी येते. बाकी दिवस मी अन् हा टीव्ही. तुमी आले म्हणून बोलून राह्यलो, नाईतर काय सांगू तुमाले, दिवस दिवस तोंड उघडाचं कामच पडत नाई, लय एकटं वाटते.

माह्या जोडीले भीमराव होता, मारेगावचा, माह्याहून चांगला बॅक, हे मी आज म्हणतो. आमचा एक डाव होता, मी ओरडलो चल, का चारी बॅकनं एकदम चार पावलं पुढं पळाचं, म्हणजे समोरचा खेळाडू मागं एकटा पडते, झेंडी वर होते, अन् त्याचा गोल धरत नाई. चौघातला एक जरी मागं राह्यला तं डाव गेला. एका वर्सी आमी फायनलले पोचलो, तवा नागपूरचे साहेब पाह्याले आलते, एका बॅकले नोकरी देणार होते, माह्या डोक्यात तेच. मी ओरडलो चल, तिघं पळाले, अन् मीच थांबलो, म्हटलं बॉल एकटा अडवतो, साहेबाले दिसन. नाई अडला, गोल झाला, मॅच गेली. भीमराव मुरडून जीव खाऊन धावला, म्हणून गोलापाशी तोच दिसला, लोकायले वाटलं मागं राह्यला तो हाच, अन् सारं मैदान त्याच्यावर बोंबललं. मी चूप. बाकीचा खेळ माहा चांगला झालता, नोकरी मले भेटली, अन् त्यानं फुटबॉलच सोडला.

मागच्या महिन्यात मारेगावले गेलतो, सांगाचंच म्हणून. त्यानं खुर्ची देली, सुनेले चहा ठेवाले सांगतला, सारं आयकून घेतलं. मंग म्हणे रशीद, मले तवाच माहीत होतं बे, मी मागं पाह्यलं तं तू तिथंच उभा. मी म्हटलं मंग बोलला काहून नाई, तं म्हणे तू बोलशीन म्हणून. मी म्हटलं माफ कर. तो म्हणे मी तं कधीचंच केलं, पण माहा बाप मरेपर्यंत लोकायले सांगत राह्यला का माह्या पोरानं मॅच घालवली, त्याले कोण सांगन आता?

मंग आमी चहा पेलो, कपाशीचं बोललो. यष्टीपर्यंत सोडाले आला तो, पण पुन्हा ये असं काही म्हटलं नाई.

आता पाची वखत नमाज झाली का त्या म्हाताऱ्यासाठी दुवा मांगतो. नाव मले माहीत नाई जी, विचाराचंच राह्यलं. भीमरावचा बाप, एवढंच म्हणतो.