अडुळशाला डिपिंग

— अन् खोटारडा म्हणायचंच असल तर तोंडावर म्हण ना मालन, भाकरी थापता थापता भिंतीला काय सांगती! — नाय नाय मॅडम, तुम्हाला नाय. घरचीला म्हणतोय. ती तिकडं दिंडोरीला, मी हितं गंगापूर रोडला तुमच्या कॉलेजात, पण सकाळचं भांडण डोक्यात चालूच हाय — बसमधी कंडक्टर म्हणला, काका, कोणाशी बोलता? म्हणलं, बायकोशी, तुला काय त्रास? — बसा ना, तुमचीच खुर्ची हाय. मी खंडेराव. स्नेहलचा बाप. तुमच्या हाताखाली अडुळशाच्या पाल्यातलं औषध वेगळं काढती ना, ती स्नेहल — म्हंजी काढत व्हती, आठ दिवस झाले घरात बसलीय. सगळ्या पोरांसमोर तुम्ही तिला म्हणलात, तुला बाटल्या धड धुता येत नाय, पुढल्या सोमवारी कामातून नाव काढून टाकते. आज शुक्रवार. — चिडू नका. मी भांडाया नाय आलो. घरून निघालो तवा भांडायाच निघालो व्हतो, खोटं कशाला बोलू, पण म्हसरूळ येईपर्यंत ध्यानात आलं का भांडायाला माणूसच नाय, ज्याच्याशी भांडायचं तो ह्याच चपलांत उभा हाय.

मला ठाऊक हाय तुमचं काम. हसू नका. सातवी नापास हाय मी, पण पोरीनं एकदा दाखवलं — ती उभी काचेची नळी, आत पांढरी भुकटी ठासलेली, वरून पाल्याचा अर्क सोडायचा, त्याच्यावर ते उग्र वासाचं पाणी, अन् खाली एक-एक थेंब बारक्या बाटल्यांत धरायचा. म्हणलं, ह्यानं वेगळं कसं होतं गं? तर म्हणती, दादा, आठवडे बाजारात माणसं सोडल्यासारखं. पुंजामामा कोणाकडं बघत नाय, नाकासमोर चालतो, तो पहिला बाहेर. चिमणाकाकू बांगड्यांपाशी थांबती, लसणापाशी थांबती, दुकानादुकानाला चिकटत येती, ती शेवटी. आत घुसली एकदम, पण निघाली अलग-अलग. ते तुमचं अल्कलॉइड का काय, खोकल्याचं — ते मधीच कुठंतरी एकटं, निर्मळ, बाटलीत येतं. म्हणलं, अन् मला सोडलं तर? तर म्हणली, तुम्ही पहिल्याच दुकानाशी भांडत बसाल दादा, नळीतून निघायचेच नाय. — बापाला बोलती! पण मला लय आवडलं ते. गावात चौघांना सांगितलं. आमच्या शेळ्या अडुळशाला तोंड लावत नाय, अन् ही बया त्यातून औषध काढती.

तर पाला माझाच. बांधावरचा. तुम्हीच पोरीला म्हणला व्हता, एकाच जागेचा पायजे अन् सावलीत वाळवलेला. म्हणलं, सावली? अरे सावलीत वाळवणं हाच धंदा हाय माझा! बेदाण्याची शेड हाय ना — जाळ्यांचे मजले, वारा आरपार. सहादू, कामावरचा गडी, तो म्हणला, मालक, पाला नुसताच पसरू का? — आता बघा हं माझी अक्कल. द्राक्ष जाळीवर टाकायच्या आधी आम्ही डिपिंग देतो, तेल अन् पोटॅशच्या पाण्यात बुडवून काढायचं. लवकर वाळतं, हिरवं राहतं. नुसतं वाळवलं तर काळं पडतं, अन् काळ्या मालाला कुत्रं विचारत नाय. म्हणलं, खंडेरावाच्या घरून कॉलेजात काळा पाला जायचा? दे डिपिंग! — दिलं. वरून गंधकाची धुरी दिली. चकाकी येती. — हो, धुरी. — डोक्याला हात लावू नका मॅडम, माझा लावून झालाय. पण काय पाला झाला व्हता! हिरवागार, करकरीत, एक्स्पोर्टचा माल. अन् तुमच्या त्या तपासायच्या पट्टीवर, औषध निर्मळ असल तर एकच ठिपका यायचा, तिथं तीन. परत केलं, परत तीन. तेलाचं व्हतं, गंधकाचं व्हतं का औषधाचंच वाटोळं झालं, ते तुम्ही शोधा, मला काय कळतंय — मला कळत असतं तर कशाला.

नाय, तिला कसं ठाऊक असल? — नाय, विचारलं व्हतं तिनं. जेवताना. दादा, पाल्याला काही लावलं का, फवारा, पावडर, काही पण, रागवू नका, नुसतं सांगा. अन् मी ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर. म्हणलं, बापाला भेसळखोर म्हणती? पाणीसुद्धा नाय लावलं, वणीच्या देवीच्यान! — अन् तिनं खरं मानलं ओ. नसतं मानलं तर बरं झालं असतं. पाल्यात खोट नाय म्हणल्यावर राहिलं काय? तिचे हात. तुमचा शिपाई आत्ता खाली सांगत व्हता, एकेक बाटली चार-चारदा धुवायची, बोटं सोलून निघाली. — का बोललो खोटं? तसा मी कोणाला भेत नाय. बिबट्या आला मळ्यात तर काठी घेऊन मागं लागलो. पण ही विचारती ना, आवाज न चढवता, कागद-पेन घेऊन — तवा मीच आवाज चढवतो. वाटतं, आता म्हणल, बाप अडाणी. तिनं कधी म्हणलं नाय. मीच आपला… जाऊ द्या.

हे पोतं तुमच्यासाठी. नवा पाला, त्याच बांधाचा. ती घरी बसली त्याच दिवशी तोडला अन् चुलतभावाच्या ओसरीत पसरला, शेडपासून लांब. आज सकाळी चोरासारखा गोळा करत व्हतो तवा मालननं धरलं — मग आधीच्याला काय केलं व्हतं तुम्ही? सांगावं लागलं. काही लावलं नाय ह्याला. हुंगा पायजे तर. काळपट झालाय, तुमच्या टेबलावर ठेवाया लाज वाटती मला. — नाय, तिला नाय सांगितलं. दारापर्यंत गेलो व्हतो. ती म्हणली, काय दादा? म्हणलं, काय नाय, मोटर चालू हाय का बघ — अन् बस धरली. मला नाय जमायचं ते, तुम्ही सांगा. हात तिचे बरोबर व्हते, पाला खंडेरावानं नासवला — असंच, नाव घेऊन. — संध्याकाळी कशाला? फोन तुमच्या हातात हाय. लावा. लावा म्हणतो ना.