खोड्यातली जोडी

मंडळी, मला एक सांगा. माणूस चुकला, त्याला शिक्षा झाली, ठीक आहे. पण त्याच्या शेजारी बसायचं कुणी?

वाघोशी गावात पुनाजी गुरव होता. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती त्याच्याकडे. बायको चिमा बाळंत झाली. अंगात ताकद नाही, दूध येईना. पुनाजीनं काय केलं? देवाच्या नंदादीपाचं तूप थोडं थोडं घरी नेलं, डिंकाचे लाडू वळून बायकोला खाऊ घातले. तीन महिन्यांनी पकडला गेला.

पाटलानं निवाडा दिला— दिवस मावळेपर्यंत खोडा. खोडा म्हणजे दोन जाड ओंडके, मध्ये भोकं. त्यात पाय अडकवायचे, माणूस चावडीपुढं उन्हात बसवायचा. येणाऱ्याजाणाऱ्यानं हसावं, शेण मारावं. पायाला ओंडका लागतो तो लागतोच, पण खरं लागतं ते हसणं. गाव जमलं. अहो, दुसऱ्याची फजिती बघायला आपल्याला आवतण लागतं का?

तेवढ्यात चिमा आली, कडेवर लेकरू. नवऱ्याशेजारी बसली आणि रिकाम्या भोकात आपला पाय घातला.

पाटील म्हणाले, "ऊठ पोरी. तुझा काय गुन्हा?"

"तूप मी खाल्लंय, पाटील. ह्यांनी बोटसुद्धा चाटलं नाही."

"चोरीचं आहे हे ठाऊक होतं तुला?"

"नव्हतं. म्हणून तर कालपासून ह्यांच्याशी बोलले नाही. घरी गेल्यावर भांडणार आहे. पण इथं एकटं नाही सोडायची."

पुनाजी इतका वेळ मान खाली घालून होता. आता रडला.

बायजा म्हातारी शेणाची पाटी घेऊन पुढंच उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले. म्हणाली, "आण गं ते लेकरू. ऊन लागतंय त्याला." लेकरू घेऊन ती सावलीत बसली. मग हसणार कोण? एकेक जण काम आठवून घरी गेला.

शिक्षा माफ झाली नाही हं. दिवस मावळल्यावरच खोडा उघडला. पुनाजी लंगडत निघाला, आणि चिमा शब्दाला जागली— घरापर्यंत भांडली. तो ऐकत होता, मध्येच डोळे पुसत होता.

मंडळी, आता चावडीपुढं खोडा नाही. पण घरातल्या कुणाच्या तरी चुकीवर आपण चारचौघांत हसलोय. आज घरी जा, त्या माणसाजवळ बसा. भांडायचं तर भांडा, पण जवळ बसून भांडा. चला, उचला टाळ, आणि त्या माणसाची आठवण ठेवून देवाचं नाव घ्या.