परवाच्या गाडीनं

सिस्टर : हात काढ. पदरही बाजूला कर. झाकून धरलंस तर किती सुजलंय ते मला कसं कळणार?

चांगुणा : भाईर आत्या बसल्यात.

सिस्टर : सासूबाई ना? दार लोटलंय मी. जीभ बाहेर काढून दाखव. घसा आवळल्यासारखा वाटतोय?

चांगुणा : न्हाई. निस्ते ओठच. आग हुतीया, आन बोलताना जड पडत्यात.

सिस्टर : श्वास घे. अजून एकदा. हे बघ, डॉक्टर दुष्काळी कामावरच्या लोकांना कॉलऱ्याची लस टोचायला गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. दवाखान्यात मी एकटी आहे. सूज घशाकडे सरकली तर तुला नगरला न्यावं लागेल, म्हणून पाण्याचा टँकर दारात थांबवून ठेवलाय. तेव्हा खरं काय ते सांग. सासूबाई म्हणाल्या, गांधीलमाशी चावली.

चांगुणा : मीच तसं सांगितलं त्यास्नी.

सिस्टर : दोन्ही ओठांना एकसारखी चावणारी माशी मी अजून पाहिली नाही.

चांगुणा : लवंगा लावल्या, बाई.

सिस्टर : नुसत्या लवंगा?

चांगुणा : चार लवंगा, दोन मिरं. पाट्यावर वाटून तुपात कालवलं. शेजारची केशरबाई म्हनली, तिची लेक नगरला ऱ्हाती, ती दालचिनी चोळती. त्यानं रगत धावतं आन ओठ भरून येत्यात. आमच्या घरात दालचिनी कुठली.

सिस्टर : अजून काहीतरी आहे. लवंगेनं एवढं होत नाही.

चांगुणा : मिरचीचं बी घातलं थोडं. ते केशरबाईनं न्हाई सांगितलं, ती माझीच अक्कल.

सिस्टर : कधी लावलंस?

चांगुणा : सकाळच्याला. आत्या खडी फोडायला गेल्या, मी डोस्कं दुखतंय म्हनून घरी ऱ्हायले. चोळलं, चटका बसला, पर सोसलं. अर्धा तास लई चांगले दिसत हुते, बाई. लग्नात हुते तसे. मी आरसा खाली ठेवलाच न्हाई. मंग ते थांबंनाच. धुतलं, पुसलं, तरी फुगतच गेलं.

सिस्टर : ही गोळी गिळ. पाणी पी, सगळं पी. आता हे गार फडकं ओठांना टेकवून धर. चोळायचं नाही. झोप येईल, आली तर येऊ दे, पण श्वासाला काही वाटलं तर लगेच सांगायचं. पाणी अजून देऊ?

चांगुणा : नगं. सवय न्हाई येवढ्याची.

सिस्टर : दिवसाला पितेस तरी किती?

चांगुणा : सकाळी तांब्याभर. कामावर न्हाईच पीत. प्यालं की जावं लागतं, आन तिथं सगळं उघडं माळरान. समद्या बायका तशाच ऱ्हात्यात.

सिस्टर : आणि मग ओठांना तूप लावत बसता. बाहेरून कितीही चोपडलं तरी पोटात पाणी नसेल तर ओठ फुटणारच. सारखी जीभ फिरवतेस ना त्यांच्यावरून? आत्ताही फिरवलीस. त्यानं जास्त सुकतात.

चांगुणा : तूप बी चार दिस लावलं. फडताळात वाटीभर हुतं, त्यांच्या शिऱ्यासाठी आत्यांनी राखलेलं. मी बोटानं काढीत गेले. आता तळाला लागलंय. आत्यांनी अजून वाटी उघडून बघितली न्हाई.

सिस्टर : कोणाच्या शिऱ्यासाठी?

चांगुणा : आमच्या घरधन्यांच्या. पलटनीत हायती. परवाच्या गाडीनं येनार हायती.

सिस्टर : किती दिवसांनी येतोय?

चांगुणा : अडीच वर्सं झाली. लग्नानंतर सा म्हैने घरी हुते. मंग गेले, लढाई लागली, रजा बंद झाली. लढाई संपली तरी त्यास्नी तिकडं बर्फातच ठेवलं. ते गेले तवा मी अशी न्हवते. ते माझ्या ओठांना काय म्हनायचे ते तुमाला न्हाई सांगायची. पर म्हनायचे. आता वर्सभर खडी फोडतीया. धुळीनं आन उन्हानं ओठ असे चिरले की भाकरीसंग मिरची खाता येत न्हाई. जांभई आली तरी रगत येतं.

सिस्टर : अगं, तालुक्यात कोणाचे ओठ धड आहेत सध्या? तो लष्करातला माणूस. त्याला एवढं कळणार नाही?

चांगुणा : त्यास्नी कळलंया, म्हनून तर.

सिस्टर : काय कळलंय?

चांगुणा : दिवाळीच्या आधी पत्र आलं, की फोटू काढून धाड. आत्या आन मी बाजारच्या दिवशी पारनेरला गेलो. फोटूवाला म्हनला, हसा जरा. मला हसाय येईना, ओठ चिरत हुते. तसाच काढला. आत्यांनी तो टपालात टाकला. त्यानंतर तीन पत्रं आली. गहिनीनाथ मास्तरांनी वाचून दावली. दर पत्र मी परत परत वाचाय लावलं. बैल चाऱ्याच्या छावनीत नीट हायती का, आईचा गुडघा कसा हाय, हिरीला पानी आलं का. माझ्या फोटूचं एक अक्षर न्हाई. मी लई इचार केला, बाई. मानसाला फोटू आवडला तर तो चार शब्द लिवल का न्हाई?

सिस्टर : रडू नकोस आता. नाक चोंदलं तर श्वास कसला ते मला कळायचं नाही.

बनुबाई (सासू, दाराबाहेरून) : शिस्टर, दार उघडू का? मला भाईर बसवंना.

सिस्टर : या मावशी. हिची सूज वाढलेली नाही. अजून तासभर बघू या.

बनुबाई : गांधीलमाशी न्हवती, ते मला घरीच कळलं. पाट्याला लवंगंचा वास येत हुता.

चांगुणा : आत्या, तूप बी मीच संपवलंय.

बनुबाई : ते बी ठावं हाय. गप ऱ्हा जरा. मला बोलायचंय, ते मधीच ऱ्हाईल.

सिस्टर : स्टुलावर बसा मावशी.

बनुबाई : हुबीच बरी. चांगुणा, त्यो फोटू मी टपालात न्हाई टाकला.

चांगुणा : म्हंजी?

बनुबाई : माझ्या टरंकंत हाय, लुगड्याच्या घडीत. टपालाच्या पेटीपतूर गेले हुते. मग पाकीट उघडून बघितला. गाल बसल्यालं, ओठ काळं पडल्यालं, डोळं येवढं मोठं. मला वाटलं, पोरगं तिकडं बर्फात हुबं. हे बघितलं की म्हनंल, आईनं माझ्या बायकूला उपाशी ठिवली. मी न्हाई ग ठिवली उपाशी. जे हुतं ते दोगींनी खाल्लं. पर फोटूत ते कुठं दिसतंय.

चांगुणा : चार म्हैने झाले, आत्या. मी रोज झुरत हुते.

बनुबाई : दिसत हुतं मला. उद्या सांगंन, परवा सांगंन म्हनत ऱ्हायले. दिस जाईल तशी जीभ जड झाली.

सिस्टर : मावशी, ते फडकं वाळलंय. पुन्हा भिजवा आणि तुम्हीच धरा तिच्या ओठांवर.

चांगुणा : मंग त्यास्नी वाटलं असंल, मीच धाडला न्हाई.

बनुबाई : बोलू नगंस. फडकं हालतंय.

(नऊ दिवसांनंतर, त्याच दवाखान्यात. चांगुणा एकटी आली आहे.)

सिस्टर : ये. उजेडात उभी राहा. साल गेलीय वरची, आत चिरा नाहीत. सूज कधी उतरली?

चांगुणा : दुसऱ्या दिवशी सांजंला. पर ते आले तवा कातडं निघत हुतं, काळं काळं. मी पदर तोंडावरनं काढलाच न्हाई. फाट्यावर एस्टी थांबली. ते उतरले, आईच्या पाया पडले. मी आत्यांच्या मागं. त्यांनी एकदा बघितलं आन टरंक उचलून चालाय लागले. आख्खा दिस तसाच गेला. मी खाली मान घालून वाढायची, ते जेवायचे. आत्यांनी बिनतुपाचाच शिरा केला.

सिस्टर : फोटोचं कोणी सांगितलं?

चांगुणा : आत्यांनीच. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना म्हनल्या, माझ्या हातनं चूक झाली. आन टरंकंतनं काढून ताटाशेजारी ठेवला. ते हात धुवून आले, मग उचलला. लई वेळ बघत हुते. मला वाटलं, आता संपलं.

सिस्टर : काय म्हणाला?

चांगुणा : आईला बोल न्हाई लावला. मला म्हनले, छावनीत बैल बघून येऊ, चल. रस्त्यानं सांगत हुते, तू फोटू धाडला न्हाईस तवा मला वाटलं, तू रुसलीस. तुझा बाप वारला तवा मला रजा मिळाली न्हाई, त्याचा राग असंल. म्हनून पत्रात इचारायची छाती झाली न्हाई. आन घरी आलो तर तू तोंड झाकून. मला वाटलं, आता ही बोलनारच न्हाई.

सिस्टर : आणि तू?

चांगुणा : बाभळीखाली थांबले आन पदर काढला. समदं सांगितलं. लवंगा, मिरं. मिरचीचं बी बी सांगितलं.

सिस्टर : हसला असेल.

चांगुणा : तसं न्हाई. त्यांनी मफलर सोडला. आल्यापासनं गळ्याभवती गुंडाळल्याला हुता, पार नाकापतूर. मी म्हनलं हुतं, गाडीतलं वारं लागलं असंल. ओठ दोन ठिकानी उकलल्याले, बाई, कोपऱ्यातनं खपली. थंडीनं. म्हनले, तिकडं ड्यूटीवर आमी एकमेकाला हसवत न्हाई.

सिस्टर : मग मलम त्यालाही लागणार. हे घे, जास्त बांधून देते. दिवसातून तीनदा दोघांनी लावायचं. आणि पाणी प्यायचं. मग पुढे काय झालं?

चांगुणा : पुढं काय, बाई. तिथंच बसलो बाभळीखाली. बैल बघायचं ऱ्हाऊनच गेलं. मिरचीच्या बियांचं आठवून त्यास्नी हसाय येत हुतं, मला बी येत हुतं. दोगं बी ओठ घट्ट धरून बसलो हुतो.